लहान शहरात राहून युद्धाविरुद्ध खरंच काही करता येतं का? (माझं उत्तर, भुसावळ २००३)

प्रश्न असा आहे की दूर कुठेतरी युद्ध चालू आहे, रोज बातम्या बघून जीव कासावीस होतो, राहतो लहान शहरात, वेबसाईट थोडीफार बनवता येते, तर यातून काही होण्यासारखं आहे का की नुसता टाईमपास, आणि असं आधी कोणी केलंय का.

मी केलंय. एकटीने नाही, आम्ही सात-आठ जण होतो, भुसावळमध्ये, २००३ साली, अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. उत्तर लांबणार आहे, पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस ते दिवसच डोळ्यासमोर येतायत, म्हणून सगळं लिहिते.

आधी घरचं सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पप्पा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, तपासणीच्या कामाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चीन युद्धानंतर साठच्या दशकात ही फॅक्टरी उभी राहिली, इथे बंदुकीची काडतुसं बनतात. भुसावळात आणखी एक ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. म्हणजे आमच्याकडे अर्धं गाव रेल्वेत आणि बाकीच्यातले बरेच फॅक्टरीत, अशा गावात युद्ध नको म्हणणाऱ्याकडे लोक कसे बघत असतील याचा अंदाज येईल तुम्हाला. माझी फी काडतुसांच्या पगारातून भरली जायची हे मला माहीत होतं, आणि मी काय करते हे पप्पांना माहीत होतं. त्यावर आम्ही कधी भांडलो नाही.

१५ फेब्रुवारीला जगभर मोर्चे निघाले, सहाशेच्या आसपास शहरांमध्ये, लंडन रोममध्ये तर लाखांनी माणसं रस्त्यावर. फोटो पेपरात आले. आमच्या कॉलनीत इतिहासाचे एक रिटायर्ड सर राहायचे, सेवा दलात वाढलेले, अमळनेरला शिकलेले, साने गुरुजींना लहानपणी प्रत्यक्ष बघितलेले. ते पेपर घेऊन आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, बाई, एवढी माणसं उभी राहिली, आपण निदान फळा तरी लिहू. चौकात मंडळाचा काळा फळा होता, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली सोडून त्यावर दुसरं काही नसायचं. सरांनी मंडळाच्या पोरांना विचारून तो घेतला. सकाळी सहाला सर खडूने लिहायचे, अक्षर इतकं सुंदर की स्टेशनला डब्यांच्या पिशव्या घेऊन जाणारी माणसं सायकल थांबवून वाचायची.

फळ्यावर लिहायला मजकूर पाहिजे, आणि तो आणायचं काम माझ्याकडे आलं कारण इंटरनेट मला येत होतं. येत होतं म्हणजे काय तर जामनेर रोडच्या एका सायबर कॅफेत तासाला पंचवीस रुपये देऊन बसायचं. पण त्या कॅफेतच मला कळलं की आपल्यालाही स्वतःचं पान करता येतं, जीओसिटीजवर फुकट जागा मिळायची. एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, मी नोटपॅडमध्ये शिकले, दुसऱ्यांच्या पानांचा सोर्स म्हणजे मागचा कोड उघडून, त्यातलं एकेक काढून टाकून काय बिघडतं ते बघत बघत. पान घरून कागदावर लिहून न्यायचं, कॅफेत टाईप करायचं, फ्लॉपीवर (तेव्हाचा पेनड्राइव्हच म्हणा) घ्यायचं आणि अपलोड करायचं. एकदा फ्लॉपी दुपारभर गाडीच्या डिक्कीत राहिली, भुसावळचा मार्च, परत उघडलीच नाही, दोन आठवड्यांचं काम गेलं. तेव्हापासून सगळं दोन फ्लॉप्यांवर.

मराठीचा घोळ तर विचारूच नका. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी सारखीच दिसावी यासाठीची पद्धत, होतं, पण कॅफेतल्या मशिनी विंडोज ९८ च्या, त्यावर देवनागरी धड दिसायची नाही. लोक शिवाजी, किरण असले फाँट वापरायचे, तो फाँट समोरच्याकडे नसला की त्याला सगळं इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. मी तीन-चार दिवस डोकं आपटलं आणि शेवटी सरळ मराठी मजकुराचं चित्र करून टाकलं. पहिलं चित्र चाळीस केबीचं झालं, डायलअपवर ते उतरायला इतका वेळ लागायचा की माणूस उठून चहा पिऊन येईल. मग कळलं की जिफ प्रकारच्या चित्रात रंग कमी केले की वजन उतरतं, काळा आणि पांढरा दोनच रंग ठेवले, तेच चित्र सहा केबीवर आलं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो अजून आठवतो. कॅफेवाले भाऊ म्हणाले, ताई, काय करू राहिल्या तुम्ही दोन घंट्यापासून, एकच कागद दिसू राहिला स्क्रीनवर. मी त्यांना दाखवलं, ते वाचत बसले आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. (त्याच वर्षी १ मेला मराठी विकिपीडिया सुरू झाला, मला ते फार नंतर कळलं, नाहीतर मी तिथे पण बसले असते.)

युद्ध सुरू झालं २० मार्चला, आपल्याकडे सकाळचे आठ वाजले होते. दोन दिवस आधीच धुळवड झालेली, अंगणात रंगाचे डाग तसेच होते. आणि त्याच संध्याकाळी दर्बानला वर्ल्ड कपची सेमीफायनल, आपली केनियाशी, गांगुलीची सेंच्युरी. एका चॅनेलवर बगदाद आणि दुसऱ्यावर मॅच, घरातल्या पुरुषांचं रिमोटवर चाललेलं, आणि शेजारच्या काकू आमच्या दारात उभ्या, त्यांचा मुलगा कुवेतला इलेक्ट्रिशियन होता, फोन लागत नव्हता. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी आणलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं. पुढे २९ मार्चच्या सुमारास कुवेत शहरात समुद्राकाठच्या मॉलजवळ क्षेपणास्त्र पडलं, तेव्हा काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणजे युद्ध दूर होतं असं आपण म्हणतो, पण आमच्या गल्लीत एक घर तरी त्याच्या आत होतं.

आता पानावर काय टाकायचं हा खरा प्रश्न. पहिला आठवडा मी नुसत्या भावना लिहिल्या, निष्पाप जीव वगैरे. मेलने एक फोटो फिरत आला, जळालेल्या मृतदेहांचा, खाली लिहिलेलं की परवाचा बगदादचा. मी तो टाकला, प्रिंट काढून फळ्याला चिकटवला. सरांकडे जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे होते, चार दिवसांनी त्यांनी १९९१ चा एक अंक उघडून माझ्यासमोर ठेवला, तोच फोटो. बगदादमधल्याच अमिरियाच्या बॉम्बशेल्टरचा. १३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकन बॉम्बने तिथे आसरा घेतलेले चारशेवर नागरिक मेले होते. म्हणजे माणसं खरी, मरण खरं, पण तारीख बारा वर्षं जुनी. सर रागावले नाहीत, म्हणाले उद्या फळ्यावर लिहू की आमचा फोटो चुकला. लिहिलं. मला रडू आलं होतं, आणि चौकातला एकजण मोठ्याने म्हणाला की यांचं सगळंच असं. त्यानंतर आठवडाभर लोक फळ्यासमोर थांबायचे कमी झाले, ते मी रोज कॉलेजला जाताना बघायचे.

त्या रात्री पप्पा पहिल्यांदा या विषयावर बोलले. मी जेवत नव्हते. त्यांनी विचारलं, फोटो कोणी दिला, त्याला कोणी दिला, मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. म्हणाले, मग तपासणी झालीच नाही ना मालाची.

मला तेव्हा इराक बॉडी काउंट नावाची एक साईट सापडली होती, जानेवारी २००३ मध्ये इंग्लंडमधल्या काही लोकांनी सुरू केलेली, त्यातले जॉन स्लोबोडा तर संगीताच्या मानसशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेचे जनरल टॉमी फ्रँक्स म्हणाले होते की आम्ही मृतदेह मोजत नाही, ते वाक्यच यांनी साईटवर लावलं होतं आणि स्वतः मोजायला बसले होते. त्यांचा एक काउंटर होता, कोडच्या काही ओळी आपल्या पानात चिकटवल्या की मेलेल्या नागरिकांचा आकडा आपल्या पानावर आपोआप बदलत राहायचा. किमान इतके, कमाल इतके. मी तो लावला. पप्पांना प्रिंट दाखवलं तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, किमान आणि कमाल वेगळे कशाने? मला माहीत नव्हतं. मग लिहू नको, म्हणाले, आधी वाच.

डिक्शनरी घेऊन त्यांच्या पद्धतीचं पान वाचलं. एखादी घटना धरायची तर ती निदान दोन वेगवेगळ्या बातम्यांच्या ठिकाणी आलेली पाहिजे, आकड्यांत फरक असला तर छोटा आकडा किमानमध्ये आणि मोठा कमालमध्ये. एका माणसाने टाकलेलं दुसऱ्याने तपासायचं. पप्पांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःची एक लांब वही काढली, फुटपट्टीने रकाने आखले, तारीख, गाव, किमान, कमाल, कुठे वाचलं. रोज रात्री जेवण झालं की मी वाचायची आणि ते लिहायचे, नासिरिया, हिल्ला, बसरा, बगदादचा अमुक बाजार. उच्चार चुकला की परत विचारायचे. युद्ध बरोबर की चूक यावर त्यांनी एक शब्द काढला नाही, फक्त एखादा आकडा एकाच ठिकाणी आलेला असला की पेन खाली ठेवायचे.

त्या काउंटरने तांत्रिक त्रासही दिला. त्यांचा सर्व्हर हळू झाला की माझं अख्खं पान अर्ध्यावर थांबायचं, वरचं शीर्षक दिसायचं आणि खाली पांढरं. दोन दिवस समजलं नाही, मग लक्षात आलं की त्या काउंटरच्या कोडची स्क्रिप्ट पानाच्या मधे घातली की ब्राउजर ती येईपर्यंत पुढचं काही दाखवत नाही, आणि मी ती टेबलाच्या, म्हणजे पानाच्या मांडणीच्या चौकटीच्या, आत घातली होती, ते टेबल तर पूर्ण झाल्याशिवाय दिसायचंच नाही. उचलून पानाच्या अगदी तळाशी नेली, आणि वर माझ्या हाताने त्या दिवसाचा आकडा तारखेसह लिहायला लागले, म्हणजे काउंटर नाही आला तरी वाचणाऱ्याला काहीतरी मिळेल. तुम्ही वेबचं काम करता म्हणून हे मुद्दाम लिहिलं, बाहेरून आणलेल्या गोष्टीवर आपलं पान अडकवून ठेवू नका, आणि युद्धाच्या काळात तर नाहीच. मार्चच्या शेवटी अल जझीरा या अरबी न्यूज चॅनेलची साईट हॅक होऊन तिथे अमेरिकेचा झेंडा दिसत होता, म्हणजे मोठ्यांचीही तीच गत.

आता नादीमर्ग. हे टाळून पुढे गेले तर उत्तर खोटं होईल. २३ मार्चला फायनल होती, आपण १२५ रननी हरलो, गावात सुतक असल्यासारखं. त्याच रात्री काश्मीरमध्ये पुलवामा जिल्ह्यातल्या नादीमर्ग गावात अतिरेक्यांनी २४ काश्मिरी पंडितांना घरातून बाहेर काढून रांगेत उभं करून मारलं, ११ पुरुष, ११ बायका, २ लहान मुलं. दुसऱ्या दिवशी आमच्या फळ्यावर बगदाद होतं. संध्याकाळपर्यंत त्याखाली कोणीतरी खडूने मोठ्या अक्षरात लिहून गेलं, नादीमर्गचं काय?

आमच्यातले दोघं म्हणाले पुसून टाका, हे मुद्दाम करतात. मला तो प्रश्न पटला होता. मेलेल्या पोराचा हिशोब करायला बसलो तर देश बघून करायचा नाही, नाहीतर मग त्याला शांतता म्हणू नये. सरांनी ते वाक्य पुसलं नाही, त्याच्याच खाली २५ तारखेला सकाळी २४ हा आकडा लिहिला, गावाचं नाव, तारीख, आणि चौकात पणती लावली. लिहिणारा आला असेलच, कारण पणतीभोवती त्या दिवशी आमच्या ओळखीची नसलेली बरीच माणसं होती. मी वेबवर दुसरं पान केलं, पप्पांच्या वहीतही ती ओळ आहे. आमच्या कामात एका दिवशी जर काही बदललं असेल तर ते त्या दिवशी, असं मला वाटतं.

एप्रिलमध्ये घरात बिबड्या (ज्वारीचे पापड), पापड. पहाटे पाचला गच्चीवर बायका बसायच्या, घाटा म्हणजे बिबड्यांचं पीठ शिजवणं चालू, आई रेडिओ ठेवायची, आणि मी प्रिंट वाचून दाखवायची. लोडशेडिंगमुळे संध्याकाळी कॅफे बंद असायचा म्हणून दुपारी ऊन खात जाऊन प्रिंट आणायची. एका सकाळी पेपरात तो फोटो होता, बॉम्बमध्ये दोन्ही हात गेलेला बगदादचा बारा वर्षांचा मुलगा, हॉस्पिटलमध्ये. आजी धुळ्याकडची, अहिराणीच बोलायची. तिने तो पेपर बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "त्याना जोडे कोन शे आते?" त्याच्याजवळ आता कोण आहे. मला खरं सांगावं लागलं की आईबाप दोघं त्याच हल्ल्यात गेले. त्यानंतर रोज सकाळी आजीचा एकच प्रश्न, त्या पोऱ्याचं काय झालं. त्याला उपचारांसाठी कुवेतला हलवल्याची बातमी आली तेव्हा मी कॅफेतून पळत घरी आले होते तिला सांगायला. फळ्यावरही त्या दिवशी सरांनी तेवढंच लिहिलं.

वाचणारे किती होते? वेबपानाच्या हिट काउंटरवर दोन महिन्यांत नऊशेच्या आत, त्यातले निम्मे माझेच असतील. पण प्रिंटचा हिशोब वेगळा. ४ मेला आखाजी होती. आखाजी म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, दुपारभर गाणी. कॉलनीत आलेल्या माहेरवाशिणींनी झोक्याखाली बसून ती पानं वाचली, आणि परत जाताना आमरस-सांजोऱ्यांच्या डब्याबरोबर घेऊनही गेल्या, चोपड्याला, रावेरला, शहाद्याला. त्यातल्या एकीने सासरच्या गावात दुधाच्या डेअरीवर लावली असं पत्र पाठवलं होतं. हे कुठल्या काउंटरवर दिसणार?

लोकसभेने एप्रिलमध्ये युद्धाविरुद्ध ठराव केला, हिंदीत त्यात निंदा हा शब्द आला आणि इंग्रजीत जरा सौम्य, सरांनी त्या शब्दावर फळ्यासमोर अर्धा तास शिकवलं. मग अमेरिका भारताकडे सैन्य मागतेय अशा बातम्या सुरू झाल्या. जूनमध्ये आम्ही पन्नास पैशाची पोस्टकार्डं घेतली, आमचे जवान इराकला पाठवू नका एवढंच लिहायचं आणि सही. २१२ कार्डं गेली. सगळ्यात जास्त कोणी लिहिली माहितीये, फॅक्टरीतल्या आणि फौजेतल्या घरांनी. १४ जुलैला सरकारने सैन्य न पाठवायचा निर्णय घेतला. तो आमच्या कार्डांमुळे झाला असं मी म्हणत नाही, देशभर विरोध होता आणि त्यात आमची २१२ होती.

युद्ध थांबलं का? नाही. १ मेला बुशने मोठ्या लढाया संपल्या म्हणून सांगितलं आणि माणसं मरतच राहिली, त्याच बॉडी काउंटवाल्यांनी २००५ मध्ये पहिल्या दोन वर्षांचा हिशोब दिला तेव्हा २४,८६५ नागरिक झाले होते, त्यातले तीस टक्के त्या सुरुवातीच्या दीड महिन्यातच. तुम्हाला यातून काही होण्यासारखं आहे का असं विचारायचं आहे म्हणून हेही लिहिलं पाहिजे. बॉम्ब आमच्या फळ्यामुळे थांबला नाही. पण आमच्या गावात शंभर-दोनशे घरांना नासिरिया आणि नादीमर्ग ही गावं नावानिशी माहीत झाली, तारखेसकट, खरी. मला ते कमी वाटत नाही, तेव्हाही वाटलं नाही.

जीओसिटीज २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, पान गेलं, मी तेव्हा बाळंतपणात होते, उतरवून ठेवायचं राहून गेलं, त्याची हळहळ अजून आहे. वही आहे. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी मॉक ड्रिलच्या (हल्ला झाला तर काय करायचं याच्या सरावाच्या) यादीत भुसावळचं नाव आलं, आणि आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस, त्यात व्हिडिओ गेममधली विमानं खरी म्हणून फिरत होती. मी परत रकाने आखले. कुठून आलं, कधीचं, दुसऱ्या कोणी दिलंय का. चार दिवस रोज रात्री ग्रुपवर तेवढंच टाकलं, हे खरं, हे जुनं, हे अजून कळलेलं नाही. दोन मावसभाऊ चिडले, एका आतेने खाजगीत लिहिलं की तुझं वाचूनच झोपते मी.

तर तुम्ही कराच. साईट साधी ठेवा, मराठीत ठेवा, आता युनिकोड आहे, माझ्यासारखी चित्रं करत बसावं लागणार नाही. रोज एकच पान, तारीख वर. चूक झाली तर त्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती. आणि त्याचा कागद काढून एखाद्या भिंतीवर लावा, लायब्ररी, डेअरी, रिक्षास्टँड, जिथे तुमच्या गावातली माणसं थांबतात तिथे. खाली कोणी तुम्हाला न आवडणारा प्रश्न लिहून गेलं तर पुसायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.

पान तयार झालं की इथेच खाली सांगा. पहिल्या आठवड्याचे आकडे मी बघून देईन. पप्पा आता सत्त्याहत्तरचे आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिलं तर वाचतात, आणि पेन जवळ लागतं त्यांना.